टेकाडापलीकडचे दिसत नाही



सोयाबीनची काढणी उरकली असेल, नाहीतर रानात गंजी लागून मळणीयंत्राचा नंबर यायचा असेल. लवकरच उसाच्या गाड्याही रस्त्याला लागतील. अशा ऐन सुगीत कीड-रोग सोडून मी रस्त्याबद्दल लिहायला बसलो, याचे तुम्हाला नवल वाटेल. "साहेबांना रस्त्यातलं काय कळतंय?" असेही कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे, मी शेतीचा पदवीधर. पण समपातळी बांधांच्या कामात डंपी लेव्हल खांद्यावर घेऊन मी पुष्कळ माळ तुडवले आहेत. जमिनीचा चढ-उतार मोजणे हे आमच्याही कामातले. दुसरे कारण असे, की या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

२००७ सालचा ऑक्टोबर. एका गावी सोयाबीनची मळणी चालली होती. मालात ओल फार होती आणि खळ्यावर वारा नव्हता. शेतकरी दादांनी विचारले, "साहेब, काय करू?" मी सहज बोलून गेलो, "टेकाडावरच्या डांबरी रस्त्यावर पसरा की! वरून ऊन, खालून डांबराची ऊब आणि माथ्यावर वारा. दोन दिवसांत खणखणीत वाळेल." त्यांनी माझा शब्द मानला. बरोबर माथ्यावर अर्ध्या रस्त्यात माल पसरला, गाडीचे चाक दाण्यावर जाऊ नये म्हणून कडेने दगड मांडले आणि दहा वर्षांच्या मुलाला राखणीला बसवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या चढाने एक जीप आली. माथ्यावर येईपर्यंत तिच्या चालकाला यातले काहीही दिसत नव्हते. दिसले तेव्हा दगड पुढ्यात होते. त्याने चाक वळवले आणि जीप शेजारच्या रानात उलटली. चालकाचा हात मोडला. पोरगा त्या वेळी पाणी प्यायला विहिरीवर गेला होता, म्हणून वाचला. त्याची बसायची गोणपाटाची घडी चाकाखाली चुरगळलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दादा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

पुढे त्या बाजूला रस्त्याचे काम निघाले. कामावरच्या एका तरुण इंजिनिअरला मी विचारले, की चालकाची चूक, आमची चूक, की रस्त्याची? त्याने मातीत काडीने रेघा ओढून मला जे समजावले आणि नंतर मी जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

गाडी थांबायला किती जागा लागते?

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसले, ते काय आहे हे उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, यासाठी रस्ते बांधणारे लोक अडीच सेकंद धरतात. एवढ्यात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नसतो. ब्रेक लागल्यावर ती आणखी ४० मीटरच्या आसपास घसटत जाऊन थांबते. म्हणून ६० च्या वेगाला समोरचे ८० ते ९० मीटर दिसले पाहिजे, असे मानक आहे. ताशी ८० ला हाच आकडा १२० ते १३० मीटर होतो आणि १०० ला १८० मीटर. वेग वाढतो त्याहून थांबायची जागा जास्त पटीने वाढते, हे ध्यानात ठेवा.

ही मानके इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. तिच्या जन्माशी आपल्या एका माणसाचा संबंध आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली ही संस्था उभी राहिली. रस्ता किती रुंद, चढ किती, वळण किती, दिसायला किती हवे, हे सारे तिने लिहून ठेवले आहे.

माथा का लपवतो?

आता टेकाडाकडे वळू. आपल्याकडच्या माळरानावर एकसारखा सपाट रस्ता कुठला? चढ, माथा, उतार, ओढा आणि पुन्हा चढ, असेच चालते. चढताना तुमची नजर रस्त्याला समांतर वर जाते आणि माथ्यापलीकडचा उतार तिच्याखाली लपतो. नांगरटीतल्या मोठ्या ढेकळामागची मुंगी ढेकूळ ओलांडल्याखेरीज दिसत नाही, तसेच हे.

हिशेबासाठी चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर, म्हणजे चार फुटांवर धरतात आणि समोरची वस्तू १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या फुटाची धरतात. अर्ध्या फुटाची वस्तू म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पंक्चर काढून झाल्यावर ट्रकवाले रस्त्यातच टाकून जातात ते दगड, गाडीतून पडलेली मोळी, दाण्याची रास, बसलेले करडू. अमेरिकेत २००१ साली ही उंची १५ वरून ६० सेंटिमीटर केली. तिकडच्या अभ्यासात असे दिसले, की माथ्यावरचे अपघात अशा लहान वस्तूंमुळे क्वचितच होतात. म्हणून त्यांनी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याची उंची धरली. आपल्या रस्त्यावर मात्र सुगीत काय काय पडलेले असते ते तुम्ही जाणताच. आपल्याला अर्धा फूटच बरा.

आता एक उदाहरण घ्या. एका बाजूने तीस फुटांत एक फूट असा चढ आहे आणि दुसऱ्या बाजूने तेवढाच उतार. पाहायला हा चढ काही मोठा नाही. बैल तो न थांबता चढतात. पण हे दोन उतार माथ्यावर घराच्या आढ्यासारखे टोकदार मिळाले, तर चार फुटांवरच्या डोळ्याला पलीकडची अर्ध्या फुटाची वस्तू जेमतेम ३३ मीटरवरून दिसते. ६० च्या वेगाला ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ४२ मीटर जातात, हे आपण आत्ताच पाहिले. म्हणजे ब्रेक लागायच्या आत गाडी त्या वस्तूवर! आमच्या टेकाडाचा माथा अगदी आढ्यासारखा नव्हता, पण फारसा वेगळाही नव्हता. त्या जीपवाल्याला मी मनातल्या मनात बरेच बोललो होतो. इंजिनिअरने हा हिशेब मांडला, तेव्हा माझे तोंड बंद झाले.

मग माथा कसा घडवायचा?

उपाय सरळ आहे. टोक छाटायचे आणि चढ-उताराच्या मध्ये लांब, पसरट कमान बसवायची. ती अशी, की चढ हळूहळू कमी होत जाऊन शून्यावर येतो आणि तितक्याच हळूहळू उतार सुरू होतो. कमान जितकी लांब तितके पलीकडचे जास्त दिसते. पण दिसायचे अंतर दुप्पट हवे असेल, तर कमान चौपट लांब लागते. खरी मेख इथे आहे.

वरच्याच उदाहरणात ६० च्या वेगाला ९० मीटर दिसायला हवे, तर कमान सुमारे १२३ मीटर लांब करावी लागते आणि टोकाशी एक मीटरभर खोदावे लागते. ८० च्या वेगाला १३० मीटर दिसण्यासाठी कमान सुमारे २५६ मीटर आणि खोदाई दोन मीटरच्या थोडी वर. वेग फक्त २० ने वाढला, पण खोदाई दुप्पट झाली आणि कमानही दुप्पट लांबली. मुरूम असला तर ठीक, काळा पाषाण लागला तर सुरुंगाचा खर्च.

हे झाले रस्त्यात पडलेल्या वस्तूबद्दल. पण समोरून गाडीच आली तर? दोघांनाही थांबायला आपापली जागा हवी, म्हणून अंतर दुप्पट धरतात. ६० च्या वेगाला ते १८० मीटर. समोरची गाडी उंच असल्याने लवकर दिसते, तरीही वरच्या चढाला २२५ मीटरची कमान आणि जवळजवळ दोन मीटर खोदाई लागते. आणि पुढचे वाहन सुखरूप ओलांडून जायचे, तर ६० च्या वेगाला ३०० मीटर दिसायला हवे. त्यासाठी कमान ६२५ मीटर आणि खोदाई पाच मीटरच्या वर! एवढे टेकाड प्रत्येक ठिकाणी कोण फोडणार? म्हणून जाणते लोक थांबण्यापुरते दिसेल अशी कमान करतात, जमेल तिथे त्याच्या दुपटीची करतात आणि ओलांडायला मनाई म्हणून माथ्यावर मधोमध अखंड रेघ मारतात. ती रेघ ही शोभा नव्हे. "इथे टेकाड फोडणे परवडले नाही, आता तुम्हीच सांभाळा," असे ती सांगत असते. दोन रेघा असल्या, एक अखंड आणि एक तुटक, तर आपल्या बाजूची जी असेल ती आपल्यासाठी. चढाच्या माथ्याजवळ पुढची गाडी ओलांडू नये आणि टेकाडाच्या माथ्यावर गाडी उभी करू नये, हे १९८९ च्या नियमांत होतेच. २०१७ साली नवी नियमावली आली, तिचाही रोख तोच आहे.

चांगल्या आखणीत आणखी दोन गोष्टी पाहतात. पहिली, माथा ओलांडताच एकदम वळण येऊ देत नाहीत. वळण घ्यायचेच असेल तर ते माथ्याच्या अलीकडेच सुरू करतात, म्हणजे रस्ता कुठे जातो ते चालकाला चढतानाच कळते. दुसरी, माथ्याच्या लगेच पलीकडे फाटा, गाडीवाट किंवा थांबा ठेवत नाहीत.

जुनी वाट, नवा वेग

तुम्ही म्हणाल, एवढे सगळे ठाऊक आहे तर आमच्या रस्त्याचा माथा असा का? त्याचे कारण रस्त्याच्या जन्मात आहे. आपले पुष्कळ रस्ते मुळात गाडीवाटा. बैलगाडीच्या चालीला ३३ मीटर भरपूर झाले. त्यावर खडी आली, मग डांबर आले, पण टेकाड तेच राहिले. ग्रामीण रस्त्यांसाठी २००२ साली जी पुस्तिका निघाली, तिच्यात सपाट मुलखातही ५० चा वेग धरला आहे आणि चढ-उताराच्या मुलखात ४० चा. आता त्याच रस्त्यावर नवे कार्पेट पडले, की पोरे मोटारसायकल ८० ने पळवतात. खड्डे होते तेव्हा खड्डे वेग धरून ठेवत होते. खड्डे बुजले, ते चांगलेच झाले, पण माथ्याची उणीव त्यामुळे उघडी पडली.

माथा छाटायचे काम निघाले तर आडवे पडू नका, हीही विनंती. आपली अडचण खरी असते. रस्ता खाली गेला की शेतात गाडी उतरवायची वाट मोडते, रस्त्याखालून नेलेली पाइपलाइन उघडी पडते, कटिंगची बाजू ढासळून बांध सुटतो. पण त्यासाठी काम अडवण्यापेक्षा आखणीच्या वेळीच मागण्या मांडा. शेतात जायला उतरती वाट, पाइपलाइनसाठी नळा आणि कटिंगच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर, या तीन गोष्टी लेखी मागा. माथ्याचा निघालेला मुरूम ओढ्याकाठच्या भरावाला चालतो, त्यामुळे चढ दोन्हीकडून हलका होतो. त्याचा फायदा भरल्या गाडीच्या बैलांना पहिल्यांदा होतो.

आपल्या टेकाडाची परीक्षा करा

आता एक प्रयोग सांगतो. मुलांच्या कंपासपेटीतली लहान पट्टी घ्या. ती बरोबर १५ सेंटिमीटरची असते. तिला तांबडा कागद चिकटवा. दुसरी एक काठी १.२ मीटरची कापा. सकाळी वर्दळ नसताना चार-पाच मोठी माणसे जा, मुलांना नेऊ नका. दोन्ही बाजूंना दूरवर एकेक माणूस तांबडा रुमाल घेऊन उभा करा. सगळ्यांनी साइडपट्टीवरच राहायचे, डांबरावर उतरायचे नाही.

एकाने माथ्यापलीकडे साइडपट्टीवर पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने अलीकडच्या चढावर वाकून काठीच्या टोकाशी डोळा आणावा आणि पट्टी दिसेनाशी होईपर्यंत मागे मागे सरकावे. पट्टीवाल्यानेही जागा बदलून दोन-तीनदा पाहावे आणि सर्वांत कमी भरलेले अंतर खरे मानावे. साधारण पाऊल पाऊण मीटरचे धरले, तर ६० पावले म्हणजे ४५ मीटर. एवढेच दिसत असेल तर तो माथा ताशी ४० च्या वेगाचा. १२० पावले भरली तर ६० चा. पावणेदोनशेच्या आसपास भरली तर ८० चा. आता त्या रस्त्यावर गाड्या किती वेगाने जातात ते तुम्ही रोज पाहताच. दोन आकड्यांत किती अंतर पडते ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

मोजलेले आकडे ग्रामसभेत ठेवा आणि ठरावासह अर्ज करा. गावाकडचा लहान रस्ता बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतो, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. "रस्ता धोक्याचा आहे" असे मोघम लिहू नका. "अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ माथ्यावर इतकेच मीटर दिसते" असे लिहा. माथा छाटायला पैसा नसेल, तर निदान अखंड रेघ, वेगाची पाटी, कडेचे चमकणारे खुंट आणि थांबा हलवणे, एवढे तरी मागा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम आले आहे. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याची आठवण अर्जात नम्रपणे द्यायला हरकत नाही.

तोवर आपण काय करावे?

वाळवण रस्त्यावर नको, आणि माथ्यावर तर मुळीच नको. शेतीचा माणूस म्हणून आणखी सांगतो, की सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते. गाडीच्या चाकाने आणि तापल्या डांबराने ते तडकते, मग बियाण्याची उगवण बसते. चार घरांनी मिळून ताडपत्र्या घ्या, शाळेचे नाहीतर देवळाचे पटांगण मागून घ्या. २००७ साली मी हेच सांगायला हवे होते.

भरली ट्रॉली चढावर माणसाच्या चालीने जाते. मागचा मोटारवाला कंटाळतो आणि नेमका माथ्यावर बाहेर काढतो. त्याला हाताने "ये" म्हणून खूण करू नका. पलीकडचे तुम्हालाही नीट दिसत नाही. जागा असेल तर माथ्याच्या बऱ्याच अलीकडे साइडपट्टीवर ट्रॉली घ्या आणि त्याला जाऊ द्या.

ट्रॉली माथ्याजवळ बंद पडलीच, तर आधी माणूस मागे धाडा आणि मग जॅक शोधा. तो माणूस माथ्याच्या पलीकडे, येणाऱ्याला शंभर-सव्वाशे मीटर आधी दिसेल असा उभा राहावा. चाकाला लावलेले दगड निघताना आठवणीने बाजूला टाका.

रात्री माथ्यावर आणखी एक फसगत होते. चढणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत आभाळाकडे जातो, माथ्यापलीकडच्या रस्त्यावर पडत नाही. समोरून मोटार येत असेल तर तिचा उजेड आधी दिसतो. बैलगाडीला उजेड नसतो, म्हणून तिचा इशाराही नसतो. गाडीच्या मागच्या फळीला, साट्याला आणि जुवाला चमकणारी पट्टी लावा. ट्रॉलीच्या मागे उसाची टोके लोंबत असतील, तर दिवा आणि पट्टी त्यांच्याआड जाणार नाही असे पाहा.

एस.टी.चा थांबा माथ्यावर असेल तर पोरांना सांगा, की गाडी जाऊ द्या, दोन्हीकडचे दिसू द्या, मगच रस्ता ओलांडा. गाडीच्या मागून पळू नका.

त्या गावाला माझे अजून जाणे-येणे आहे. तेव्हाचा तो पोरगा आज ट्रॅक्टर चालवतो. टेकाडाचा माथा अजून तसाच आहे, फक्त अखंड रेघ आली आहे आणि अलीकडे पाटी लागली आहे. मागच्या खेपेला मी त्याच्या ट्रॅक्टरवर बसून आलो. चढाला लागताच त्याने गती कमी केली, डावी कड धरली आणि माथा ओलांडेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पलीकडे उतरल्यावर म्हणाला, "हं, बोला आता साहेब." त्याला हे कोणी शिकवले, असे मी विचारले नाही.

तुमच्या टेकाडावर पट्टी किती पावलांवर दिसेनाशी झाली, ते मला पत्राने जरूर कळवा. पुढच्या अंकी तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे वळू. तोवर ताडपत्री वेळेवर आणा आणि माथ्यावर जपून चला.